अठरा खापरं

पुंडलिकनगर, औरंगाबाद
१४ जून १९९८

प्रिय आवडा,

तुझ्या नावाआधी ‘प्रिय’ लिहिणं म्हणजे एकच गोष्ट दोनदा लिहिणं. पण पत्राची रीत आहे म्हणून लिहिलं. एकाच माणसाची दोन नावं दोन वेगळी माणसं समजून मी एकदा दीड पान खर्ची घातलं होतं, ते तू विसरली नसशील. त्यावर पुढं येतेच.

आधी कामाचं. तुझी नात सत्यशीला गेल्या मंगळवारी माझ्याकडे आली होती. न कळवता आली. मी मेथी निवडत बसले होते. तिनं चपला दाराबाहेर नीट जोडून ठेवल्या, हे मला बरं वाटलं. बारावीची गुणपत्रिका प्लास्टिकच्या पिशवीत घालून आणली होती. अठ्ठ्याहत्तर टक्के आहेत. कॉलेजात प्रवेश मिळतो आहे, मुलींच्या वसतिगृहात जागाही आहे, फॉर्मवर पालकाची सही तेवढी राहिली आहे. ती तिच्या वडिलांनी अडवलेली नाही, आजीनं अडवली आहे, असं तिनं स्वच्छ सांगितलं. “आजी म्हणती, शिकायचं तर यष्टीनं जाऊन शिक. हॉस्टेल नाय म्हंजी नाय.” तुमच्या गावची सकाळची एसटी इथं अकराला पोचते आणि कॉलेज साडेसातला भरतं. तेव्हा तुझ्या अटीचा अर्थ तुलाही कळतो आणि मलाही. फॉर्मची शेवटची तारीख तीस जून आहे.

मी विचारलं, आजीचा हॉस्टेलवर एवढा राग का? ती म्हणाली, “आजी म्हणती, तिथं माणसं मोजत्यात. अठरा खापरं होती अन् नऊवर माझं नाव होतं. तुझं बी तसंच हुईल.” मग माझ्याकडे सरळ बघून म्हणाली, “बाई, तुम्ही बी व्हता म्हणं तिथं. खरं हाय का हे?” मी म्हटलं, होते. तिला चहा दिला, पाच वाजताच्या गाडीत बसवलं आणि ‘खरं हाय का’ याचं उत्तर मात्र दिलं नाही. चौतीस वर्षं शिकवल्यावर एखाद्या मुलीचा प्रश्न टाळायची ही पहिलीच वेळ.

ती माझ्याकडे राहू शकते असं तुला सुचवून मोकळी होणं मला सोपं होतं. लक्ष्मणराव जाऊन सहा वर्षं झाली, एक खोली रिकामी असते, घरात आवाज असा प्रेशर कुकरचा तेवढा. पण सतरा वर्षांच्या मुलीनं एकोणसाठ वर्षांच्या बाईच्या शिस्तीत राहावं हे मला पटत नाही. तिला इतर मुलींबरोबर राहायचं आहे. चाळीस वर्षांपूर्वी तुलाही तेच हवं होतं. बिडकीनहून हॉस्टेलात राहून शिकायला आलेली तू पहिली मुलगी. तुझी ट्रंक निळी होती आणि तिच्यावर तुझ्या वडिलांनी आधी उर्दूत आणि खाली मराठीत तुझं नाव रंगवून घेतलं होतं.

ते उर्दू नाव वाचता येणाऱ्या आपल्यात तुम्ही दोघीतिघीच होतात. मला येत नव्हतं. रझाकारांच्या धास्तीनं माझे वडील आम्हाला घेऊन नगरला गेले आणि पोलीस ॲक्शननंतर वर्षभरानं परतले. मी मराठी शाळेत शिकले होते आणि उर्दू न येणं हा मला दागिना वाटत होता. तुझे वडील, बन्सीआबा, कुठं गेले नाहीत. जमीन सोडून जाणार कुठं, असं म्हणाले असतील. निजामाच्या शाळेत सातवीपर्यंत शिकले होते आणि त्याची त्यांना लाज नव्हती.

आपल्याला ग्रीसचा इतिहास शिकवायला नानासाहेब होते. त्यांचं शिक्षण हैदराबादला उर्दूतून झालेलं, पुस्तक इंग्रजी आणि वर्ग मराठी, त्यामुळे एका वाक्यात तीन भाषा यायच्या. सॉक्रेटिसचा मध्येच सुक्रात व्हायचा, ॲरिस्टॉटलचा अरस्तू. ‘अथेन्सची जम्हूरियत’ असं म्हणून लगेच ‘म्हणजे लोकशाही, बरं का मुलींनो’ अशी पुस्ती जोडायचे. मी सगळं शब्दन् शब्द उतरवून घ्यायची आणि तशीच पाठ करायची. सहामाहीच्या पेपरात मी, कुणी विचारलेलं नसताना, ‘प्लेटो आणि अफलातून यांच्या राज्यविषयक विचारांची तुलना’ केली. प्लेटोला तत्त्वज्ञ राजा हवा होता, अफलातून मात्र त्याबाबत सावध होता, असा निष्कर्षही काढला. नानासाहेबांनी नाव न सांगता ते दीड पान वर्गात वाचलं आणि विचारलं, यात चूक काय? मग तू उठलीस. “सर, दोघं एकच हाईत. पुस्तकातला प्लेटो म्हंजी आमच्या आबाचा अफलातून. आबा यूनानी दवाखान्यात निघाला की म्हणतो, अफलातूनच्या गावची दवाई आणतो.”

वर्ग हसला. पेपर कुणाचा ते माझ्या लाल झालेल्या कानांवरून सगळ्यांना कळलं. संध्याकाळी जेवणाच्या पंगतीत माझं नाव अफलातून झालेलं होतं. “अफलातून, भाकरी वाढू का?” असं आधी मुलींनी आणि मग स्वयंपाकीण साळूबाईनंही विचारलं. मराठीत त्या शब्दाला कौतुकाचा अर्थ आहे, म्हणून तक्रार करायचीही सोय नव्हती. तू एकटी मला दमयंतीच म्हणत राहिलीस. त्याचा मला जास्त राग आला. हे तुला आज पहिल्यांदाच कळत असेल.

नोव्हेंबरात नानासाहेबांनी खापरांचा धडा घेतला. अथेन्सचे लोक दरवर्षी आधी एवढंच ठरवत, की यंदा कुणाला बाहेर काढायची गरज आहे का. आहे असं ठरलं, तर पुढं एके दिवशी प्रत्येकानं फुटक्या मडक्याच्या तुकड्यावर एक नाव कोरून आणायचं. सहा हजार तुकडे जमले की मोजणी. ज्याचं नाव जास्त, त्यानं दहा दिवसांत शहर सोडायचं आणि दहा वर्षं परतायचं नाही. आरोप नाही, बचाव नाही. घरदार, जमीन त्याचीच राहते. फक्त तो नको. त्या तुकड्याला मराठीत काय म्हणावं ते नानासाहेबांना सुचेना, ते ‘ठीकरी, ठीकरी’ करत राहिले. तू म्हणालीस, “खापर, सर.” मागून कुणीतरी म्हणालं, “म्हंजी खापर फोडणं ते ह्याच्यावरनंच का?” आपल्या म्हणीचा ग्रीसशी काही संबंध नाही, हे मी पुढं चौतीस वर्षं दर बॅचला सांगितलं आणि दर बॅचनं ते विचारलं.

ॲरिस्टायडीसची गोष्ट तुला फार आवडली होती. न्यायी म्हणून त्याची ख्याती. मतदानाच्या दिवशी एक निरक्षर खेडूत त्याला न ओळखता त्याच्याच हातात खापर देतो आणि म्हणतो, यावर ॲरिस्टायडीस लिही. का रे, त्यानं तुझं काय वाईट केलं? काही नाही, पण जो तो त्याला न्यायी न्यायी म्हणतो ते ऐकून कंटाळलो. आणि तो मुकाट्यानं स्वतःचं नाव लिहून देतो. मला ती गोष्ट बावळटपणाची वाटली होती. तू म्हणालीस, त्यानं लिहायला सांगितलं, ह्यानं लिहिलं, त्यात काय? त्याच गोष्टीचा शेवट नानासाहेबांनी सांगितला तो मात्र आपण कुणी नीट ऐकला नाही. इराणचा बादशहा चालून आला तेव्हा अथेन्सनं ॲरिस्टायडीसला दहा वर्षं पुरी व्हायच्या आतच परत बोलावलं. नको असलेला माणूस परत बोलावता येतो, हे त्यांना माहीत होतं.

त्याच आठवड्यात अंगणातला रांजण फुटला. रेक्टर मनकर्णाबाईंनी आपल्याला रांगेत उभं केलं, “कुणी फोडला?” साळूबाई म्हणाली, “उन्हानं तडकला असंल, बाई.” मनकर्णाबाई म्हणाल्या, “ऊन काय आजच पडलं का?” दुसऱ्या दिवशी रविवारी त्या बहिणीकडे दौलताबादला गेल्या. रांजणाची खापरं विहिरीशेजारी ढिगानं पडली होती, आपण सतराजणी रिकाम्या होतो, आणि कुणाला तरी अथेन्स आठवलं. कुणाला तरी कशाला? मला आठवलं. नियमही मीच केले. दहा वर्षांऐवजी दहा दिवस हद्दपारी. जिचं नाव निघेल तिनं पंगतीत बसायचं नाही, तिच्याशी कुणी बोलायचं नाही. खिळ्यानं किंवा कोळशानं नाव लिहायचं, खापर घागरीत टाकायचं. मोजणी मी करणार. विहिरीच्या काठावर उभं राहून एकेक खापर मी मोठ्यानं वाचणार आणि वाचलं की विहिरीत टाकणार, म्हणजे कुणाचं अक्षर कुणाला ओळखू यायला नको. अथेन्समध्ये असा नियम नव्हता. पण सगळ्यांना तो फार न्यायाचा वाटला, तुलाही.

साळूबाई कमरेवर हात ठेवून उभी राहिली. “मला बी एक द्या की. रांजण माझा फुटला, मत मला नको व्हय?” तिला लिहिता येत नव्हतं. तिनं खापर तुझ्याच हातात दिलं. “तुझंच नाव टाक, बाई. डाळ किती उरली ते रोज तू सांगतीस रेक्टरीणबाईला.” तू विचारलंस, “खरंच लिहू?” “लिही की. भिते काय मी?” आणि तू हसत हसत तुझं नाव लिहून घागरीत टाकलंस. ते सगळ्यांनी पाहिलं. तुझं स्वतःचं खापर मात्र तू आंब्याच्या झाडामागं जाऊन लिहिलंस.

मोजणीचा निकाल तुला माहीत आहे, पण तो इथं लिहिणं जरूर आहे. एकूण अठरा. दमयंती तीन. मनकर्णाबाई दोन, कारण हजर नसलेल्या माणसाचं नाव लिहू नये हे कुणी सांगितलं नव्हतं. इतर तिघींना एकेक. एक खापर वाचता आलं नाही. आवडा नऊ.

त्या संध्याकाळी नियम मोडून एकेक मुलगी तुझ्या खोलीत आली आणि म्हणाली, मी नाही लिहिलं. सगळ्याच म्हणाल्या, म्हणून तुला कुणाचंच खरं वाटलं नाही. “कुणीच लिहिलं नाय, तर नऊ खापरं काय आभाळातून पडली?” असं तू म्हणालीस. मी एकटी आले नाही. त्यावर तू साळूबाईला म्हणालीस, “निदान दमयंती तरी खोटं बोलली नाय.” साळूबाईनं ते मला भाकरी वाढताना सांगितलं.

सोमवारी बन्सीआबा बैलगाडी घेऊन बाजाराला आले होते. तू ट्रंक गाडीत ठेवलीस. मुली म्हणाल्या, अगं, खेळ होता. तू म्हणालीस, “खेळ हाय, पर नियम बी हाय. बाहेर म्हंजी बाहेर. धा दिसांनी येते.” ग्रीसच्या इतिहासाचं ग्रंथालयाचं पुस्तक मला दिलंस, तारखेच्या आत परत कर म्हणालीस. मी ते केलं.

तुझ्या काकासाहेबांनी एक स्थळ वर्षभर धरून ठेवलं होतं, हे आम्हाला मागाहून कळलं. ‘पोरगी शिकतीया’ एवढ्या एका वाक्यावर बन्सीआबा त्यांना थोपवून होते. आता पोरगी कॉलेजचे दिवस असताना घरी बसलेली दिसली. अकराव्या दिवशी मी सकाळपासून फाटकाशी होते. तू आली नाहीस, बन्सीआबा तुझी वळकटी न्यायला आले. मला म्हणाले, “म्या ईचारलं तिला, जायाचं का माघारी. ती म्हणली, तिकडं कुणाला नको हाय मी आबा, तर ऱ्हाते हितंच.” वळकटी मी बांधून दिली. तुझ्या लग्नाला हॉस्टेलातल्या चारजणी गेल्या. मी गेले नाही, परीक्षेचं कारण सांगितलं. परीक्षा होती, पण ते कारण नव्हतं.

पुढचं माझं थोडक्यात. बी.ए., एम.ए. झाले, त्याच विषयाला धरून राहिले, मुली मला पाठीमागं ‘ग्रीक बाई’ म्हणत. गेल्या वर्षी निवृत्त झाले. ऑक्टोबरात माझा भाचा वैजनाथ, जो पिरेयस बंदरात जहाजांच्या कंपनीत इंजिनियर आहे, त्यानं तिकीट पाठवलं आणि मी तीन आठवडे अथेन्सला जाऊन आले. जो देश आयुष्यभर नकाशावर छडी ठेवून दाखवला तो पाहून काय वाटलं, असं सगळे विचारतात. रस्ते चढाचे आहेत आणि भाजी महाग आहे. टेकडीवरचं देऊळ पुस्तकात आहे तसंच आहे. दही आपल्यासारखंच लावतात.

वैजनाथची घरमालकीण एव्हान्थिया नावाची बाई होती, माझ्याहून दोनतीन वर्षांनी मोठी. मोडकं इंग्रजी तिलाही यायचं आणि मलाही, त्यामुळे आमचं जमलं. ती रोज सकाळी दारापुढं पाणी मारायची, पण गल्लीतल्या एकाही घराकडे मान वर करून बघायची नाही. मी कारण विचारलं. १९४८ साली, म्हणजे आपल्याकडे पोलीस ॲक्शन झाली त्याच साली, त्यांच्याकडे यादवी चालू होती. तिचे वडील छापखान्यात अक्षरांचे खिळे जुळवायचे. कुणीतरी पोलिसांत त्यांचं नाव दिलं आणि त्यांना मॅक्रोनिसॉस नावाच्या बेटावर पाठवलं. बेटावर दगड आणि वारा, दुसरं काही नाही. दोन वर्षांनी परत आले ते कुणाशी बोलेनासे झाले. एव्हान्थियाला शिक्षिका व्हायचं होतं. पण तेव्हा तिथं कॉलेजात जायला, नोकरी मिळायला पोलिसांकडून दाखला लागायचा की या घरचे विचार सरकारला चालण्यासारखे आहेत. तिला तो मिळाला नाही. ती शिवणकाम करत राहिली. पुढं सैन्यातले कर्नल सत्तेवर आले, त्यांनीही माणसं बेटांवर पाठवली, ते गेले, मग लोकांनी मतं देऊन राजालाही घालवलं. ते सांगताना ती हसली. “राजाला कुणी काढलं ते मला माहीत आहे, आम्ही सगळ्यांनी. माझ्या बापाला कुणी काढलं तेवढं माहीत नाही.”

तिला आशा होती की कधीतरी पोलिसांच्या फायली उघडतील. १९८९ साली सरकारनं त्या जाळल्या. जुनी भांडणं मिटावीत म्हणून पोलाद वितळवायच्या भट्टीत हजारोंनी घातल्या. हेतू चांगला असेल. पण एव्हान्थियाच्या गल्लीतल्या कुठल्यातरी एका घरानं ते नाव दिलं होतं, आणि ते घर कुठलं हे आता कधीच कळणार नाही. म्हणून ती पन्नास वर्षं सगळ्याच घरांशी बोलत नाही. ती मला म्हणाली, “एकानं केलं असणार, हे मला कळतं. पण तो एक कोण ते कळल्याशिवाय बाकीच्यांना मी सोडू कशी?”

दुसऱ्या दिवशी मी वस्तुसंग्रहालयात गेले. तिथं ती खापरं काचेआड मांडली आहेत. मी शिकवत होते ती गोष्ट हातभर अंतरावर होती. थेमिस्टोक्लीस नावाच्या सेनापतीच्या नावाची जवळजवळ दोनशे खापरं टेकडीच्या उतारावरच्या एका विहिरीत एकत्र सापडली. अभ्यासकांनी अक्षरं लावून पाहिली तर ती सारी फक्त चौदाजणांनी लिहिलेली. म्हणजे आधीच लिहून ठेवलेली, वाटायला. शेकडो माणसांचा राग म्हणून जो दिसला असता तो चौदाजणांचा उद्योग होता, आणि अडीच हजार वर्षांनी का होईना, विहिरीनं ते सांगितलं. वैजनाथ येऊन म्हणाला, मावशी, बंद व्हायची वेळ झाली.

परत आल्यावर मी आपल्या जुन्या हॉस्टेलकडे गेले. इमारत आहे, तिथं आता कचेरी भरते. विहीर चारपाच वर्षांपूर्वी मुरूम टाकून बुजवली आणि वर स्कूटरी लावायला पत्र्याची शेड केली आहे. तेव्हाच मी तुला लिहायला हवं होतं. सात महिने लिहिलं नाही. सत्यशीला आली नसती तर कदाचित लिहिलंच नसतं, हे मी तुझ्यापासून लपवत नाही.

तर आता उत्तर. घागरीतलं पहिलं खापर मी उचललं, त्यावर ‘दमयंती’ होतं. मी वाचलं, मुली हसल्या, “अफलातून!” दुसऱ्यावर ‘दमयंती’. वाचलं. मधली एकदोन दुसऱ्यांची गेली. मग पुन्हा ‘दमयंती’, आणि या वेळचं हसू निराळं होतं, थांबेना. त्याच्या पुढच्या खापरावरही माझंच नाव होतं. मी ते डोळ्यांसमोर धरलं आणि माझ्या तोंडून निघालं, ‘आवडा’. ठरवलं नव्हतं. खापर विहिरीत टाकलं, डुबुक आवाज आला. पुढचंही तसंच वाचलं. असं आठ वेळा. अठरांपैकी अकरा खापरांवर माझं नाव होतं, आवडा. तुझं नाव एकाच खापरावर होतं आणि ते साळूबाईचं, तुझ्याच अक्षरातलं. वसतिगृहानं तुला काढलं नाही. त्यांनी मला काढलं होतं. त्या मुली तुझ्या खोलीत येऊन खरंच बोलत होत्या, आणि मी आले नाही त्याला तू प्रामाणिकपणा म्हणालीस. माझ्याकडे पुरावा नाही, विहिरीवर स्कूटरी उभ्या आहेत. पण वाचता आलं नाही असं जे एक खापर मी सांगितलं होतं ते मला स्वच्छ वाचता आलं होतं. तू आंब्यामागं काय लिहिलंस ते तुझ्याखेरीज फक्त मी पाहिलं. तू लिहिलं होतंस, ‘कुणीच नको’. मी ते मोठ्यानं वाचलं असतं तर खेळ तिथंच मोडला असता. माझ्याविषयी तुला जे ठरवायचं ते ठरव, दहा वर्षं ठरव. बाकीच्या साऱ्याजणींना मात्र आता सोड, आणि तीस तारखेच्या आत फॉर्मवर सही होऊ दे.

तुझीच,
अफलातून